बॉनेटवरची टकटक

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमचे अप्पा. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची तुरीची आडत होती आणि मोंढ्यामागच्या गल्लीत माझं गॅरेज. जीप आणली की अप्पा आधी बोटांनी बॉनेट वाजवायचे आणि मग मला म्हणायचे, "हां मिस्त्री, आता उघड. कुनाच्या घरात शिरताना आवाज द्यावा लागतो का न्हाई?" हळूहळू मलाही ती सवय लागली, पण फक्त अप्पांच्या गाडीपुरती. बाकीच्यांची बॉनेटं मी सरळ उचलायचो.

ती जीप निम्मी माझीच होती म्हणा ना. अप्पा चावी माझ्या हातात टाकायचे आणि दारातल्या जुन्या टायरवर बसून मोंढ्यातल्या गप्पा सांगायचे. काय बिघडलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. "तुला काय दिसतंय ते कर," एवढंच. इतका भरवसा माझ्यावर माझ्या सख्ख्या भावानंही टाकला नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात अक्कांच्या, म्हणजे अप्पांच्या पत्नीच्या, किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी सारखं लातूरला जावं लागायचं. एके दुपारी नळेगावजवळ जीप बंद पडली. मी उदगीरहून पोचेपर्यंत अक्का भर उन्हात लिंबाखाली पदर तोंडावर घेऊन बसून होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांनी तीन वर्षांच्या वॉरंटीची नवी पांढरी गाडी घेतली. कारण मला कळत होतं. तरी पोटात दुखायचं ते दुखलंच.

कंपनीच्या वर्कशॉपशिवाय दुसऱ्या कुणी इंजिनात हात घातला आणि पुढे काही बिघडलं, तर कंपनी हात वर करणार होती. म्हणून अप्पा माझ्याकडे यायचे रोज, पण गाडी रस्त्यापलीकडे लावायचे. एकदा तिचा पट्टा किरकिरताना मला इकडून ऐकू आला. मी पाना घेऊन उठलो.

"बस खाली," अप्पा म्हणाले. "तिला हात लावू नको बाबा. लातूरची मानसं बगतेत तिचं."

"बघू द्या की!" मी म्हणालो आणि पाना पेटीत आपटला.

वर त्या लातूरच्या वर्कशॉपचं कौतुक मलाच ऐकवायचे. "लई गार हाय रे तिथं. काचंतून बगत बसायचं. कॉफी देतेत. आन् मला सर म्हनतेत!" इतक्या वर्षांत मी त्यांना सर म्हटलं नव्हतं, हे खरं. दुसऱ्याच दिवशी मी गॅरेजला पंखा बसवला आणि दोन नव्या खुर्च्या आणल्या. अप्पा आले आणि त्याच जुन्या टायरवर बसले. खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "पाव्हने यायलेत काय?"

त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. अप्पा मोर्चातसुद्धा गेले. "जिल्हा झाला की कंपनीचं वर्कशॉप हितंच येतंय बग," ते म्हणायचे. सगळ्या उदगिरात जिल्हा होऊ नये असं वाटणारा मी एकटाच असेन. मोर्चा आमच्या गल्लीतून गेला तेव्हा मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

वॉरंटी संपायची मी वाट बघत होतो. ती संपत आली आणि एक दिवस अप्पाच म्हणाले, "कंपनी म्हनती, अजून दोन वर्सं वाढवून घ्या. घिऊ का जाऊ दिऊ? तूच सांग."

नको, हा शब्द जिभेवर तयार होता. तो खोटाही नव्हता. ब्रेक, क्लच, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू वॉरंटीत बसतच नाहीत. गावातल्या गावात फिरणाऱ्यांना मी बेधडक सांगायचो, ही वाढीव वॉरंटी घेऊ नका. पण तोंडातून निघालं भलतंच.

"अक्कांचं लातूर अजून किती दिवस?"

"आता जल्माचंच हाय ते."

"मग घ्या. ह्या गाडीतला कॉम्प्युटर गेला तर ते बघायचं यंत्र माझ्याकडं न्हाई. रस्त्यात बंद पडली तर ते दुसरी गाडी देतेत. मी काय देनार?"

अप्पांनी विचारलं, "आन् तुझं रे?"

"मी कुठं जातोय?" मी म्हणालो. त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात नळेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. कंपनीची माणसं आली, दुसरी गाडी आली, अक्का वेळेत दवाखान्यात पोचल्या. "तू सांगितलंस म्हनून निभावलं रे," असं अप्पा येईल त्याच्यासमोर सांगत सुटले. धावून गेले दुसरेच आणि आभार मात्र माझे, हे गिळणं मला फार जड गेलं.

ती दोन वर्षंही सरत आली होती आणि अप्पाच गेले. सकाळी आडतीत बसल्या जागीच. जिल्हा काही झाला नाही.

पुढे एकदा ती पांढरी गाडी पहिल्यांदाच रस्ता ओलांडून माझ्या दारात आली. अक्कांचा भाचा चालवत होता, मागे अक्का बसल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "संपली बग ती वॉरंटी. आता तूच बग हिला."

इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते दारात उभं होतं आणि टायरवर कुणी नव्हतं. मी पुढे झालो, बॉनेटजवळ गेलो आणि बोटं आपोआप उचलली गेली.

अक्का हसल्या. "वाजव, वाजव. लातूरची पोरंबी वाजवतेत. ह्यांनीच लावली समद्यांला सवय."

मला वाटत होतं, तेवढं तरी आम्हा दोघांचं होतं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलो. मग दोनदा वाजवलं, जरा जोरातच.