हात पाठीमागे

अनेकांनी मिळून बनवलेलं, फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर नवख्यांना शिकवायला आम्ही काही जण साताऱ्यात दर रविवारी एका वाचनालयात बसतो. किती आले, कितींची अडचण सुटली, हा हिशेब माझ्याकडे असतो. आमच्यात पाटणहून येणारे एक वयस्कर गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. नाव विचारायचं राहूनच गेलं. शिकवताना ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत. माउसला कधी हात लावत नसत.

एकदा दहिवडीकडची एक बाई आली. तिच्या दूध संकलन केंद्रात बिलं आता संगणकावर निघणार होती आणि ती काढता आली तरच तिची नोकरी टिकणार होती. ती चुकत होती, चाचा पुन्हा सांगत होते.

"आवं चाचा, तुमीच दाबा की! माझी गाडी जाईल."

"दाबतो की. पण उद्या तिकडं केंद्रात मी असणार हाय व्हय?"

ती हसली, पण कंटाळून शेजारच्या टेबलावर गेली. तिथं आमच्यातल्या एकाने झटपट नमुन्याचं बिल काढून दिलं. मी तिला अडचण सुटलेल्यांत धरलं.

पुढच्या रविवारी ती साताऱ्यात काही कामासाठी आली होती, म्हणून डोकावली.

"केंद्रात सगळ्यांसमोर मला काय जमलंच न्हाई. माझ्या जागी दुसरीला घेतलं."

"बसा ताई, आज शिकू."

"आता कशाला, चाचा?"

ती गेली. सुटलेल्यांतून मी एक वजा केला. चाचा बराच वेळ रिकाम्या खुर्चीमागे उभे होते. मग त्यांचे हात पाठीमागून पुढे आले, ते संगणक बंद करायला.