ताईने शिवलेली जाळी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टॅक्सी चालवतात. स्टँडवर त्यांना सगळे 'काटा' म्हणतात, कारण गाडी चालवताना त्यांचा अर्धा जीव रस्त्यावर आणि अर्धा इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यावर असतो. थकलेला माणूस जेवढं बोलेल तेवढंच ते बोलतात, आणि मी ओळखतो तेव्हापासून ते थकलेलेच आहेत.

त्यांच्या रोजच्या रस्त्यात एक तलाव आहे आणि तलावानंतर लांबलचक चढ. तलावाकाठी संध्याकाळी मोहरीएवढ्या चिलटांचे थवे उठतात. गाडी त्यातून गेली की ती रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत गच्च बसतात, हवा कोंडते आणि चढावर गाडी तापते. म्हणून घरी आल्यावर रेडिएटर धुणं आलंच. तेही पुढून पाणी मारून चालत नाही, किडे आणखी आत जातात. बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूने पाणी सोडायचं आणि पुढून जुन्या टूथब्रशने खरवडायचं. भाऊजी कमरेत वाकून ब्रश चालवायचे आणि ताई नळी अन् टॉर्च धरून उभी. दिवसभर कारखान्यात चादरी शिवून आलेली बाई ती. खांदा वर होत नाही, पण टॉर्च वर हवा.

रेडिएटरवर जाळी बसवा, हे ताईचं टुमणं वर्षानुवर्षांचं. चढावर गाडीला मोकळा श्वास लागतो, हे भाऊजींचं उत्तरही तितकंच जुनं. शेवटी मेकॅनिकला मध्ये घातलं. तो म्हणाला, मोठ्या भोकांची जाळी घातली तर ही चिलटं आरपार जाणार, बारीक घातली तर हवाच अडणार, तुमचं तुम्ही ठरवा. असला सल्ला तर मीही दिला असता.

मी त्यांच्याच गल्लीत राहतो. एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसलो होतो. धुता धुता ताईने नळी खाली टाकली. भांडण नाही, आदळआपट नाही.

"अहो, माझ्या हातून एक तरी काम एकदाचं संपू दे," ती म्हणाली. "स्वयंपाक संपत नाही, धुणं संपत नाही, चादरी संपत नाहीत. हे तरी संपू दे."

आणि आत निघून गेली. भाऊजींनी नळी उचलली, टॉर्च मी धरला.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी भाऊजी झोपलेले असताना ताईने स्वयंपाकघराच्या खिडकीची डासांची जाळी काढली, मापात कापली, कड दुमडून दुहेरी टीप मारली, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या आणि गाडीच्या ग्रिलला बांधून टाकली. मला मुद्दाम बोलावून दाखवली. आमच्या घरात इतकी सुबक शिलाई लग्नाच्या कपड्यांनाही मिळाली नव्हती. भाऊजी उठून बाहेर आले आणि जाळीकडे बघत राहिले. आता वाजणार म्हणून मी चपला शोधायला लागलो. पण त्यांनी वाकून दुहेरी टिपेवरून बोट फिरवलं. एवढंच म्हणाले, छान शिवलंय.

ताईची संध्याकाळ मोकळी झाली. गाडी आली की ती जाळी सोडायची, गटारापाशी नेऊन चिकटलेली चिलटं नीट बघायची, मग झटकायची आणि आत जाऊन पाय वर घेऊन बसायची. तिला असं बसलेलं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. उघड्या खिडकीतून डास यायचे, तेही तिला चालायचे. मला मात्र भाऊजींचा राग यायचा. गाडी तापत नाही, मग इतकी वर्षं या माणसाने तिला नळी धरून कशाला उभं केलं?

मग एकदा कामावरून चालत येताना, आमच्या गल्लीच्या अलीकडे, बंद गोदामामागे त्यांची गाडी दिसली. बॉनेट उघडं. टॉर्च दातांत धरून भाऊजी एका हाताने मागून बाटलीतलं पाणी ओतत होते आणि दुसऱ्या हाताने ब्रश मारत होते. मला बघून दचकले, पण थांबले नाहीत. पट्ट्या साफ झाल्यावर त्यांनी डिकीतून घडी केलेली जाळी काढली, ग्रिलला बांधली आणि ब्रशवरची चिलटं बोटाने तिच्यावर चिकटवायला लागले. थोडी इकडे, थोडी तिकडे.

मी कपाळाला हात लावला. रोज असंच चालतं का, विचारलं. पहिल्याच दिवशी चढावर काटा वर गेला, तेव्हापासून सकाळी गल्ली ओलांडली की जाळी सोडायची आणि संध्याकाळी इथे बांधायची, असं त्यांनी सांगितलं.

"मग ताईला सांगा ना सरळ," मी चिडून म्हणालो. "कंबर बघा तुमची. ती काय खाणार आहे तुम्हाला? येईल की परत टॉर्च धरायला."

"येईल ना," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर सांगत नाही."

सरळ होण्यासाठी त्यांना बॉनेटचा आधार घ्यावा लागला. "तिला वाटतंय एक काम संपलं. वाटू दे."

मी त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. त्यांच्या घरासमोर गाडी थांबली तशी ताई बाहेर आली. जाळी सोडून दिव्याखाली धरली आणि आज कमी आहेत म्हणाली. आज वारा होता, भाऊजी म्हणाले. ती जाळी झटकून आत गेली, पाय वर घेऊन बसलेली दारातून दिसली. भाऊजी मात्र गाडीला टेकून तसेच उभे राहिले. दाराच्या दोन पायऱ्या लगेच चढणं त्यांना जमणार नव्हतं.