माझी न झालेली कावीळ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या हडपसरला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट चार वर्षं तोंडातच राहिली. बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो.

बागेच्या फाटकाशी सकाळी माझं रसांचं टेबल असतं. दुधी, कारलं, गुळवेल, आणि यकृतासाठी भुईआवळ्याचा अर्क. चालायला येणारी मंडळी रस पितात, वर माझी एक थाप ऐकतात. थापेशिवाय कडू घशाखाली उतरतं का? माझ्या गुळवेलीने एका पैलवानाचे सुजलेले गुडघे असे सुटले, की स्वतःच्या वरातीत तो घोड्याच्या पुढे पळाला — असलं काहीतरी. सगळे हसायचे. खरं कोण धरतंय?

जोगळेकर सरांनी धरलं. निवृत्त शिक्षक, माणूस तिरकस. यकृताला सूज होती, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. एकदा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "अहो, ह्याने बरा झालेला एखादा जिवंत माणूस दाखवता, की सगळे गोष्टीतलेच?"

भोवतीचे चार जण हसले. मला — काय सांगू — ते लागलं.

"सर, तुमच्यासमोर उभा आहे की!"

मग सुटलोच. माझी कावीळ अशी, की नळाचं पाणीसुद्धा पिवळं दिसायचं. डॉक्टरांनी आठ दिवस दिलेले. गोळ्या मुठा नदीत फेकल्या, हा अर्क धरला, एकविसाव्या दिवशी सिंहगड चढलो. एक अक्षर खरं नव्हतं. मला कावीळ कधी झालेलीच नाही.

सरांनी गोळ्या बंद केल्या. मला मुद्दाम येऊन सांगितलं. खूश होते.

इथपर्यंतचं सांगणं सोपं आहे. थापाड्या माणूस, थाप मारली. पुढचं —

महिन्याभराने एका सकाळी ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं. डोळे पिवळे होते. मला दिसले. त्यांनी विचारलंही, "हे लक्षण बरं का हो?" मला एवढंच म्हणायचं होतं — सर, मी खोटं बोललो, आजच डॉक्टरकडे जा. किती शब्द होतात? पण तेच चार जण उभे होते.

म्हणालो, "माझंही असंच झालं होतं. रोग बाहेर पडतोय." आणि ग्लास भरून दिला. काठोकाठ भरला, थेंब सांडला नाही.

सर दिवाळीआधी गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, असं कानावर आलं. ते गेले त्या सकाळीही मी टेबल लावलं होतं. रडू आलं नाही. अजून येत नाही.

त्यांच्या घरी गेलो तो सगळं सांगायचं ठरवून — निदान आता मला तसं आठवतं. काकूच आधी बोलल्या. "तुम्हाला गुण आला, ह्यांना नाही आला. ज्याचं त्याचं नशीब."

मी मान डोलावली.

काकू अजून बागेत येतात. रस घेत नाहीत, पण टेबलापाशी थांबतात. "यकृत कसं आहे हो तुमचं? हयगय करू नका."

"बरं आहे," मी म्हणतो. परवाही म्हणालो.