टोपण एकाचं, पेन दुसऱ्याचं

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि माझ्या नावाने बोंब!

तर, मला पेनांचं वेड आहे. कुणाला तंबाखू लागते, कुणाला पत्ते लागतात, मला फाउंटन पेनं लागतात. भारी म्हणावं असं पेन एकच, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. परदेशी, काळंभोर, सोनेरी टोपणाचं, आत सोन्याची निब. कागदावर टेकवलं की आपणहून चालायला लागतं.

बाकीची फौज पालघरच्या बाजारातली, स्वस्तातली. एक हिरवं, ते उन्हाळा आला की गळतं. एक निळं, टपली मारल्याशिवाय शब्द काढत नाही. आणि एक काळं, माझ्या भारी पेनाची हुबेहूब देशी नक्कल. निबसुद्धा तशीच झाकलेली, नुसतं टोक दिसतं. टोपण तेवढं पत्र्याचं.

तुम्ही विचाराल, भारी पेन असताना ही गळकी मंडळी कशाला? अहो, भारी पेनाशी अदबीने वागावं लागतं. स्वस्त पेनाशी भांडता येतं! मला दोन्ही लागतं.

हे माझ्या सासऱ्यांना पटत नसे. त्यांना सगळे आबा म्हणतात. पालघरजवळच्या माहीमला त्यांची विड्याच्या पानांची आणि केळीची वाडी आहे. आबा म्हणजे एकदम रोखठोक माणूस.

"जावयबापू, पेन कसं, एकच असावं नि भारी असावं. ही काय भंगाराची पेटी जमवलीत?"

झालं! मी हट्टाला पेटलो. आबांना स्वस्त पेनाची गोडी लावल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं. दर भेटीला माझं प्रवचन सुरू. "आबा, लिहिताना स्वस्त आणि भारी यात काडीचा फरक नाही! आणि दुसरं, पेनाला एका हाताची सवय होते. आपली निब दुसऱ्याच्या हाती कधी देऊ नये."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं साफ खोटं. पण वादात माणूस खरंखोटं बघत बसतो का?

बरं, आबांनी स्वतः ते भारी पेन कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. पुतण्याने मुंबईहून आणलं, तसंच डबीतून माझ्या हातात दिलं. "जावयाला द्यायची वस्तू उष्टी कशी करायची?" म्हणाले. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चालू आहे, तिथल्या एका कंत्राटदाराच्या कचेरीत मी कारकून. रोज पालघरहून गाडीने बोईसर, तिथून ट्रकने कामावर. तिथे धुरळा इतका, की संध्याकाळी आरशात स्वतःला ओळखायला वेळ लागतो. त्यात दर घटकेला कुणीतरी येणार, "बाबूजी, जरा पेन देना!" आणि निब कागदावर अशी दाबणार, की जणू पाया खणायचाय. तिथे सोन्याची निब न्यायची? छे!

पण घरी ठेवावी, तर दुसरी पंचाईत. आबांच्या ओळखीचे लोक बोईसर स्टेशनात पावलोपावली. जावयाच्या खिशात आपलं पेन दिसत नाही, ही बातमी माझ्याआधी माहीमला पोचायची. आणि दिवाळसण तोंडावर आलेला! आबांनी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच विचारलं होतं, जावयांना काय पाहिजे? मी तिच्यामार्फत तितक्याच हळूच कळवलं होतं, मुंबईला फोर्टात एका दुकानाच्या काचेत एक लाल पेन आहे. परदेशी. काय लाल होतं ते! त्यापायी मी दुकानदाराला नको इतक्या वेळा नमस्कार केला होता.

तेव्हा मी शक्कल लढवली. सोनेरी टोपण काढून स्वस्त काळ्या पेनावर चढवलं. खिशातून दिसतं काय? टोपण! धड कुणाचं आहे, हे कोण बघतो? आणि भारी पेनाला पत्र्याचं टोपण घालून ते घरी टेबलावर ठेवलं. टोपण जरा सैल बसलं, पण चोरालाही मोह होणार नाही असं ते दिसायला लागलं. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

दोन दिवसांनी घरी आलो, तर टेबल रिकामं.

"सुमन, इथलं पेन कुठंय?"

"ते होय? आबा आले होते, मामलेदार कचेरीत अर्ज लिहायचा होता. त्यांना देऊन टाकलं."

"देऊन टाकलं?"

"अहो, ते पत्र्याच्या टोपणाचं! तुमचं चांगलं तर तुमच्या खिशात आहे. एवढं काय झालं ओरडायला?"

आता हिला काय सांगू? तुझ्या वडिलांच्या पेनाचं मुंडकं मीच उडवलं, असं सांगू? मी मनातल्या मनात पण केला, पेन परत मिळेपर्यंत चहाला शिवायचं नाही. हसू नका! चहा सोडणं म्हणजे काय असतं, ते बोईसरचा धुरळा खाल्लेल्या माणसालाच कळतं.

रविवारी सायकल काढली आणि थेट माहीम गाठलं. आबा वाडीत बसलेले. पानांच्या करंड्या बांधून तयार, आणि आबा त्यांच्या चिठ्ठ्यांवर पत्ते लिहितायत. कशाने? माझ्या सोन्याच्या निबेने! खाली करंडीचा खडबडीत बांबू, वर चिठ्ठी, त्यावर माझी निब.

"या या जावयबापू! तुमचं खरं झालं बगा. काय लिवतं हे पेन! लोण्यावानी चालतं. टोपण सैल हाय, म्हनून दोरा गुंडाळलाय आतून."

"आबा, आणा इकडे, मी जरा साफ करून आणतो. घरी नेतो आणि—"

आबांनी पेन पटकन खिशात घातलं. "नाय नाय. आपली निब दुसऱ्याच्या हाती देऊ नये. तुमीच शिकवलंत ना?"

तेवढ्यात गवती चहाचा वास आला. सासूबाई कप घेऊन उभ्या.

"चहा नको," मी कसाबसा म्हणालो.

"आमच्या घरचा चा नको?" आबांचा चेहराच उतरला. "तब्येत बरी नाय काय?"

आणि मला चहाऐवजी आल्या-ओव्याचा काढा पाजला. वाटीभर. वर परत निघताना बाटलीत भरूनही दिला.

पुढचे सगळे रविवार मी माहीमला. कधी शाई द्यायला, कधी केळी बघायला, कधी उगीचच. पेन काही हाती लागेना. काढा मात्र न चुकता मिळायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, जावई किती मायाळू, दर रविवारी येतात!

शेवटी दिवाळसण आला. मी ठरवलं, आज लाल पेन मिळणारच आहे, त्या आनंदात काळ्याचं दुःख गिळून टाकायचं. ओवाळणी झाली. सगळं गणगोत ओटीवर जमलेलं. आबांनी माझ्यासमोर एक डबा ठेवला.

डबा? एका पेनाला?

उघडला. आत पेनंच पेनं! हिरवी, निळी, पट्ट्यापट्ट्यांची. सगळी पालघरच्या बाजारातली.

"लाल बी घातलंय हां," आबा म्हणाले. "सुमी बोलली, तुमाला लाल आवडतं. खरं सांगू? मी फोर्टात ग्येलो होतो. पैसे घेऊन दुकानात उभा. ते लाल पेन चालवून बगितलं, नि हे माझ्या खिशातलं चालवलं. हेच सरस! दुकानदाराला बोललो, ठेव तुझं. आमचे जावई बोलतात तेच खरं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

"आता ते मी दिलेलं भारी पेन बगू जरा," आबा म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या खिशातलं सोनेरी टोपणाचं पेन उपसलं. दोन्ही उघडली. आधी आपल्याने सही केली, झोकदार. मग माझ्याने. खर्रर्र! शाईचा एक भला मोठा थेंब थेट आबांच्या नव्या धोतरावर.

"हे भारी?" आबांनी तोंड वाकडं केलं आणि घाईघाईत टोपणं चढवली. घाईत अदलाबदल झाली. सोनेरी टोपण त्यांच्या पेनावर गेलं आणि 'टिच्' करून असं फिट्ट बसलं, की ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

आबा थांबले. टोपण काढलं. पुन्हा घातलं. टिच्! दोरा गुंडाळलेलं पत्र्याचं टोपण हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मला वाटलं, आता वाडीतल्या विहिरीत उडी मारावी.

"जावयबापू," आबा अगदी शांतपणे म्हणाले, "स्वस्त नि भारी, लिवताना काडीचा फरक नाय ना?"

सगळं गणगोत माझ्या तोंडाकडे बघत होतं. सुमनही.

"नाही, आबा," मी म्हणालो.

"मग झालं तर!" त्यांनी सोनेरी टोपणासकट ते पेन आपल्या खिशाला लावलं, नि खर्रर्र करणारं माझ्या हातात दिलं. "सुमी, जावयांना चा दे. आज पितील ते."

प्यालो. दोन कप प्यालो. चहाचा पण मोडला. पण चहा काय सुंदर होता म्हणून सांगू!

डब्यातलं ते लाल पेन तसं बरं लिहितं हो. मान जरा तिरकी धरली की गळत नाही. हा किस्साही त्यानेच लिहिला. एवढी बदनामी लिहायची, तर निदान चांगल्या निबेने लिहावी, म्हणून परवा आबांकडे ते पेन एका दिवसापुरतं मागून पाहिलं होतं.

आबा म्हणाले, "दिलं असतं हो. पन त्याला आता माझ्या हाताची सवय झालीय."