सातवा प्लग

त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची रुखरुख आजही आहे.

आईला कोणी सांभाळायचं ते ठरवायला तुडीलला भावांकडे निघालो होतो. महाडजवळ गाडीच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, मीटरचे काटे पडले आणि गाडी बंद. रस्त्याकडेच्या, गाड्यांची वायरिंग बघणाऱ्या वायरमनने बिघाड शोधायचा स्कॅनर लावला. इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग, कोणीच उत्तर देईना.

"सगळंच गेलं?" मी विचारलं.

"सगळे एकदम नाय मरत, साहेब. एकाच वायरवर बोलतात सगळे. एकच कोण तरी बोंबलत असतो, त्यात बाकीच्यांचं ऐकू येत नाय."

मग सीटखाली, डॅशबोर्डमागे, डिकीत हात घालून तो एकेका भागाच्या वायरचा प्लग काढू लागला. काढायचा, मीटरकडे बघायचा, पुन्हा हळुवार बसवायचा. घाई म्हणून नाही. सातवा प्लग ड्रायव्हरच्या दारातला, आत पाणी मुरलेला. तो निघाला आणि झोपलेले काटे उठून उभे राहिले. मी हात जोडायचेच बाकी होते.

"ह्यो गप झाला. आता बघा, सगळे बोलतायत."

तुडीलला बैठक बसली. थोरला असून मी पहिल्यांदाच काही बोललो नाही. चहा निवला. मग कधीच तोंड न उघडणारा धाकटा म्हणाला, "दादा, आईला मी नेऊ का?"