ओल्या लाकडावरचा रंग

जाऊबाईंच्या अंथरुणाच्या चादरी धुवायला घेतल्या होत्या. निम्म्या पिळून झाल्या, निम्म्या बादलीतच राहिल्या. आतून भाऊजींचा रडवेला आवाज आला आणि मी ओल्या हातांनी दारात थबकले.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. सार्वजनिक बागेत सुतार. लाकडी बाकांचे पाय टोच्यानं टोचून बघायचे, ढिले स्क्रू आवळायचे, कुणाला टोचू नयेत म्हणून फळ्यांची कुसळं तासायची, यातच जन्म गेला. दुरुस्त केलेल्या बाकावर आधी जाऊबाईंनी बसायचं, हा त्यांचा नेम. "ही बसली की बाक पास!" जाऊबाई अंगानं भरलेल्या. "बायको केलीत की वजनाचं माप आणलंत?" म्हणून फणकारायच्या, पण बसायच्या मोठ्या ऐटीत.

गेल्या महिन्यात तशाच बसल्या आणि बाकाचा पाय मोडला. खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहणं कठीण. बघायला येणारे हसत, "वजन उतरवा हो आता!" भाऊजी गप्प. तेव्हापासून जाऊबाई चार घासांवर ताट सरकवतात. "बाकं मोडणारं हे धूड, त्याला कशाला खायला?" देवापुढे मी रोज एकच मागते, जाऊबाईंच्या पोटात अन्न जाऊ दे.

आजही ताट सरकवलं, तेव्हा भाऊजी मटकन खाली बसले होते.

"अगं, तुझ्या वजनानं नाही मोडलं ते. गेल्या पावसाळ्यात लाकूड ओलं होतं. साहेबांना घाई, मी तसाच रंग मारला. ओल आत कोंडली, पाय आतून कुजला. गेल्या महिन्यात वरची फळी बदलली, तेव्हा पाय चकचकीत दिसला म्हणून टोचलाही नाही."

जाऊबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"आणि मी मेले असते, तर कुणाला सांगणार होतात हे? बाकाला?"

भाऊजी हुंदके द्यायला लागले. मी ताट पुढे केलं. जाऊबाईंनी दोन घास खाल्ले. तिसरा गिळवेना, पोटाची सवयच गेलेली. तोंड पुसत त्यांनी विचारलं, "अहो, पाळण्यांजवळचं बाकही त्याच दिवशी रंगवलंत ना? तिथं लेकुरवाळ्या बसतात."

भाऊजी उठले. पिशवीत पाना आणि करवत टाकली, आणि पाळण्यांजवळचं बाक उखडायला बागेत गेले.