मागच्या दारचा ध्रुवीय प्रकाश

शिरूरच्या शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा ध्रुवीय प्रकाशाचा धडा मी रंगीत खडूंनी शिकवायचे. सूर्याकडून येणारे कण, पृथ्वीचं चुंबकत्व, ध्रुवांजवळ हवेवर होणारा त्यांचा मारा. मुलं वहीत हिरवे-गुलाबी पडदे काढायची, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलाय का?" एका वर्षी लडाखला आभाळ लाल झाल्याची बातमी आली. तेव्हा शिक्षकांच्या खोलीतही तेच. आपल्याकडनं दिसेल का, कोणत्या डोंगरावर जायचं? शिरूरहून तो दिसणार नाही, आपण ध्रुवांपासून फार लांब आहोत, हे मी सांगून सांगून थकले. तरी दोघंतिघं संध्याकाळी गाडी काढून माळावर जाऊन आले. डास चावले म्हणाले.

त्यानंतर आमची लेक नवऱ्याबरोबर टास्मानियाला गेली. ती नर्स आहे, होबार्टच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. तिला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी जून-जुलैत तिकडे जायचं ठरलं, तेव्हा नातवंडाच्या आनंदाबरोबर माझ्या मनात दुसराही आनंद होता. तो मी कुणाला सांगितला नाही. दक्षिणेचा ध्रुवीय प्रकाश अंटार्क्टिकाच्या भोवती पडतो, पण सूर्यावर जोराचं वादळ झालं की टास्मानिया आणि न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाहून तो क्षितिजाजवळ दिसतो. जूनमध्ये तिथं हिवाळा, रात्र मोठी, संध्याकाळी पाचलाच दिवेलागण. दक्षिणेला मोकळा समुद्र हवा, चंद्र नको, ढग नको. निघण्याआधी हे सगळं मी परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं होतं.

आमच्या यांना त्यातलं काही नको होतं. रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करून ते रिटायर झाले. विमानात त्यांना एकच काळजी, मागं आमच्या गावी, न्हावऱ्यात, म्हशींना वेळेवर पेंड मिळेल का.

लेकीचं घर बघून पहिल्याच दिवशी माझा हिरमोड झाला. तिथं सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळं उन्हासाठी घराच्या सगळ्या मोठ्या खिडक्या उत्तरेला. दक्षिणेला फक्त मागचं दार, कपडे धुण्याचं मशीन आणि कचऱ्याचे डबे. आल्या-आल्या पावसाळी ढग बसले ते हलेनात. त्यात लेक बाळंत झाली, नात आली, आणि माझे दिवस तेल लावणं, शेकणं, आळिवाची खीर यात जाऊ लागले. मी मोबाइलवर एक अॅप घेतलं होतं. सूर्यावरच्या वादळाची शक्यता वाढली की ते वाजायचं. ते वाजायचं तेव्हा बाळ माझ्या पायावर आंघोळीला असायचं, नाहीतर बाहेर धो-धो पाऊस.

एकदा संध्याकाळी अॅप वाजलं आणि आभाळही मोकळं होतं. जावई बिचारा कामावरून दमून आलेला, तरी त्यानं गाडी काढली. समुद्रकाठी पोचलो तर दहा-बारा माणसं कॅमेऱ्याच्या तिकाट्या घडी करत होती. एका बाईनं मला तिच्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. काळ्या पाण्यावर हिरवा पट्टा, वर गुलाबी रेघा. आत्ताच संपलं, म्हणाली. डोळ्यांना एवढे रंग दिसत नाहीत हो, राखी उजेड दिसतो, कॅमेरा जास्त पकडतो, असं तिनं माझं समाधान केलं. मला तो राखी उजेडसुद्धा चालला असता. आम्ही गारठ्यात थांबलो. चंद्र वर आला. जावई गाडीत झोपून गेला, म्हणून परत फिरलो.

पुढं अॅपच्या आवाजानं बाळ दचकायला लागलं, म्हणून लेकीनं ते बंद करायला लावलं. बाळापुढं काय बोलणार?

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळभर पोर रडत होती. मी तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होते. कचऱ्याची गाडी सकाळी यायची, म्हणून हे मागचा डबा रस्त्यावर न्यायला गेले. जरा वेळानं आले, हात धुतले, जेवायला बसले. तोवर बाळ झोपलं होतं. मी ताटात भाकरी वाढली.

"हितंबी कंपन्या लई हायत वाटतं," ते म्हणाले. "मागल्या अंगाला आभाळ निस्तं उजाळलंय, रांजणगावागत."

आमच्या न्हावऱ्याच्या घरून रात्री रांजणगावच्या कंपन्यांचा उजेड ढगांवर दिसतो, ते त्यांना म्हणायचं होतं. माझा हात तिथंच थांबला. कुठल्या बाजूला, मी विचारलं.

"मागं. डब्याकडं."

"रंग?"

"हिरवट. मधी उभं दांडं हुतं, हलल्यावानी. म्हटलं चिमणीचा धूर आसंल."

मी चप्पल न घालता मागच्या दारातून धावले. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. ढग छपरापर्यंत खाली आलेले. शेजारचे म्हातारे नवराबायको अंगणात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघून हात हलवला, ते दोघं हसत होते.

आत आले तेव्हा यांची दुसरी भाकरी चालली होती. मला हाक का मारली नाही, असं मी विचारलं.

"पोरगी आत्ताच डोळा लागून झोपली हुती, तूबी दमलेली. कंपनीची लायटिंग बघाया तुला कशाला बोलवायचं?"

यावर भांडायचं तरी कसं? त्यांनी माझाच विचार केला होता. मी न जेवता उठले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. लेक हसू दाबत होती, त्याचाही राग आला. नंतर जुलै संपेपर्यंत कधी ढग, कधी चंद्र, आणि आभाळ मोकळं असेल तेव्हा सूर्य शांत. निघताना लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मार्च नाहीतर सप्टेंबरात ये, तेव्हा जास्त दिसतो." ते मला माहीत होतं. बाळं महिने बघून होत नाहीत.

परत आल्यावर आम्ही नणंदेला भेटायला दौंडला गेलो. तिचे यजमान रेल्वेत आहेत. शेजारीपाजारीही चहाला आले आणि आमचे हे सांगत सुटले. सौर वादळ, चुंबकत्व, हवेवर आदळणारे कण. सगळे शब्द माझे, तेही माझ्याच सुरात. वर म्हणाले, कडेला लाल झालर होती.

"तेव्हा तर नुसतं हिरवट म्हणालात," मी म्हटलं.

"आता आठिवलं."

नणंदेनं माझ्याकडं वळून विचारलं, "वैनी, तुमी कुठं हुता तवा?"

"आत. बाळ घेऊन."

"मग बेस झालं की. बाळापरीस काय मोठं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

संध्याकाळी मोटारसायकलवर परत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा. मी म्हटलं, मला एकदा नीट सांगा. माझे शब्द नकोत. तुम्हाला जे दिसलं तेवढंच.

त्यांनी गाडी हळू केली. आठवायचा खरंच प्रयत्न केला असावा.

"उजेड हुता," ते म्हणाले. "वर-खाली व्हायचा. आवाज नव्हता, म्हंजी कंपनी आसती तर आवाज आला आसता, ते मला तवाच कळाया पायजे हुतं."

"किती वेळ बघितलंत?"

"बघितलं कुठं? थंडी वाजत हुती. डबा ठिवला आन् आलो आत."

घरी पोचल्यावर ते तडक गोठ्यात गेले. मी कुलूप उघडलं, दिवे लावले आणि भांडी जरा जास्तच आपटत स्वयंपाकाला लागले.